एक नोंद, दोन राज्ये : सुरतेतील खानदेशी शिधापत्रिका आणि सामायिक डेटाबेस

नोंद एका ठिकाणी असावी, ती वापरणारी माणसे मात्र अनेक गावांत विखुरलेली असावीत, त्यांपैकी कोणीही केलेला बदल बाकीच्यांना तत्काळ दिसावा आणि एवढे होऊनही नोंदीचे खरेपण ढळू नये, ही अपेक्षा आज बँकेच्या खात्यापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सर्वत्र गृहीत धरली जाते. ती पुरी करणाऱ्या व्यवस्थेला सामायिक मध्यवर्ती डेटाबेस म्हणतात. तिच्याविषयीचे लेखन बहुधा दोन प्रकारचे आढळते : संगणकशास्त्रीय लेखनात यंत्रे, जाळी आणि त्यांच्या हमी यांचा विचार असतो, तर शासकीय अहवालांत योजना, उद्दिष्टे आणि आकडे असतात. या दोहोंच्या मधल्या जागेत एक प्रश्न अनुत्तरित राहतो, तो असा की मध्यवर्ती नोंदीपासून सर्वांत दूर उभ्या असलेल्या माणसाचा त्या नोंदीवर नेमका कोणता अधिकार असतो. प्रस्तुत ग्रंथ या प्रश्नाभोवती रचलेला आहे आणि उत्तराच्या शोधात त्याने एकच उदाहरण तपशिलाने तपासले आहे : खानदेशातील नंदुरबार, धुळे किंवा जळगाव जिल्ह्यात शिधापत्रिका असलेल्या आणि पोटापाण्यासाठी सुरतेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला सुरतेच्या रास्त भाव दुकानात मिळणारे धान्य.

डेटाबेस म्हणजे ठरावीक रचनेत साठवलेला नोंदींचा संग्रह, ज्यातून हवी ती नोंद शोधता, वाढवता, बदलता आणि इतर नोंदींशी जोडता येते. असा संग्रह एका यंत्रावर एका माणसाने वापरायचा असेल तर प्रश्न सोपा असतो. तो अनेकांनी मिळून वापरायचा ठरला की अवघड होतो. ही अडचण संगणकशास्त्राला प्रारंभापासून ठाऊक होती. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला आणि ज्यातून आजच्या बहुतेक डेटाबेसांचा पाया घातला गेला, त्याच्या शीर्षकातच मोठ्या, सामायिक विदासंग्रहांचा उल्लेख आहे. नोंदी तक्त्यांच्या स्वरूपात मांडाव्यात, प्रत्येक ओळीला तिची अनन्य ओळख पटवणारी एक किल्ली असावी आणि वापरणाऱ्याला यंत्राच्या आतली साठवणीची रीत माहीत असण्याची गरज पडू नये, हे त्यांच्या मांडणीचे सार होते. पुढे जिम ग्रे आणि त्यांच्या समकालीन अभ्यासकांनी व्यवहाराची संकल्पना पक्की केली. व्यवहार म्हणजे परस्परांशी बांधलेल्या अशा कृतींचा गट, जो एकतर पूर्ण पार पडतो किंवा अजिबात घडत नाही; खात्यातून रक्कम वजा झाली पण समोरच्याच्या खात्यात जमा झाली नाही, अशी अर्धवट अवस्था त्यात संभवत नाही. या दोन कल्पनांच्या आधारावर बँका आणि सरकारे आपल्या नोंदी दूरदूरच्या लोकांच्या हाती देऊ शकली.

भारतीय वाचकाला या व्यवस्थेचा पहिला मोठा अनुभव रेल्वेने दिला. १९८०च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झाले आणि तोपर्यंत खिडकीगणिक, गाडीगणिक ठेवल्या जाणाऱ्या जाडजूड नोंदवह्यांची जागा हळूहळू एका सामायिक नोंदीने घेतली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रे उभी राहिली, परंतु दीर्घकाळ प्रत्येक केंद्राचा संग्रह वेगळा होता. १९९९ मध्ये ती परस्परांशी जोडली गेली, तेव्हा कुठल्याही जोडलेल्या खिडकीवरून देशातील कुठल्याही गाडीचे आरक्षण मिळणे शक्य झाले. रेल्वेच्या बाबतीत हे काम एकाच मालकाच्या अखत्यारीत झाले, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. शिधावाटपात केंद्र, राज्ये, जिल्हे, अन्न महामंडळ आणि लाखो परवानाधारक दुकानदार असे अनेक मालक आहेत, आणि म्हणून त्यातील सामायिक नोंद ही तंत्राइतकीच परस्परांतील कराराचीही बाब ठरते.

संगणकपूर्व शिधावाटपाची रचना स्थानिकतेवर उभी होती. शिधापत्रिका एका दुकानाला जोडलेली असे, दुकानदाराच्या रजिस्टरमध्ये कुटुंबाचे नाव असे, महिन्याची उचल पेनाने कार्डावर आणि वहीत टिपली जाई, आणि त्या दुकानाचे नियतन, म्हणजे त्याला दरमहा मिळणाऱ्या धान्याचा कोटा, तेवढ्या कार्डांच्या हिशेबाने ठरे. या रचनेत दुकानदार ग्राहकाला चेहऱ्याने ओळखत होता, हा तिचा गुण होता. ग्राहकाला दुसरे दुकान नसल्याने दुकानदाराच्या मर्जीवर राहावे लागे, हा तिचा दोष होता. आणि गाव सोडलेल्या माणसाचा हक्क गावातच अडकून पडे, हा तिचा सर्वांत मोठा अन्याय होता. शहरात नवे कार्ड काढायचे तर भाडेपावती, वीजबिल आणि जुन्या ठिकाणचे नाव कमी केल्याचा दाखला लागे, आणि खोलीत पाच-सहा जणांनी मिळून राहणाऱ्या कामगाराकडे यांतले काहीही नसे.

सुरत आणि खानदेश यांचे नाते या अन्यायाची व्याप्ती समजण्यासाठी पाहिले पाहिजे. तापी नदी खानदेशातून वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातलेला लोहमार्ग उधन्याहून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा जळगावकडे जातो. या मार्गावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात तर काही गुजरातेत आहे, कारण १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची विभागणी होऊन दोन राज्ये झाली तेव्हा सीमा फलाटातूनच गेली. माणसांची ये-जा मात्र सीमेने थांबवली नाही. कापडाचा व्यापार, यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या, जरीकाम, बांधकाम आणि हिऱ्यांचे कारखाने यांनी सुरत वाढत गेली, २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४४ लाखांच्या पुढे गेली, आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी व मराठी बोलणाऱ्यांच्या दाट वस्त्या उभ्या राहिल्या. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांतून चालतात, यावरूनही या शहराची घडण लक्षात येते. या वस्त्यांतील अनेक कुटुंबे तीन-तीन पिढ्या सुरतकर झाली आहेत. परंतु त्यांच्याच शेजारी अशीही माणसे राहतात ज्यांचे घर, शेताचा तुकडा, म्हातारे आईवडील आणि शिधापत्रिका अजून सीमेपलीकडे आहेत.

या माणसांचा धान्यावरील हक्क कायद्याने निश्चित केला तो राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने. त्यानुसार ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना सवलतीचे धान्य मिळते : प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर आरंभी होते; १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत दिले जाते. कायदा देशाचा असला तरी लाभार्थी निवडणे, कार्डे देणे आणि याद्या राखणे हे राज्यांचे काम राहिले. महाराष्ट्राने त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू केली, गुजरातने एप्रिल २०१६ मध्ये. म्हणजे तापीच्या एकाच खोऱ्यात दोन याद्या, दोन कार्यपद्धती, दोन लिपी आणि दोन संगणकप्रणाली आकाराला आल्या, आणि त्या परस्परांना अनोळखी होत्या.

दुकान बदलण्याची मुभा, जिला व्यवहारात पोर्टेबिलिटी म्हणतात, तिचा भारतातील आरंभीचा एक प्रयोग छत्तीसगडने २०१२ मध्ये रायपूर शहरात केला. कार्डधारकाने शहरातील कोणत्याही दुकानातून धान्य घ्यावे आणि मध्यवर्ती नोंदीत ते लगेच वजा व्हावे, अशी ती योजना होती. त्याच सुमारास केंद्राने सर्व राज्यांतील शिधावाटपाच्या संगणकीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला, कार्डांच्या याद्या संगणकात आल्या, त्यांना आधार क्रमांक जोडले गेले आणि दुकानांत ई-पॉस यंत्रे बसली. ई-पॉस म्हणजे बोटांचा ठसा टिपणारे, जाळ्याशी जोडलेले आणि पावती देणारे छोटे विक्रीयंत्र. येथे खानदेशाचा संबंध पुन्हा येतो, कारण देशातील पहिल्या आधार क्रमांकाचे वितरण २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावात झाले होते. २०१८ मध्ये केंद्राने शिधावाटपाच्या एकात्मिक व्यवस्थापनाची योजना मंजूर केली आणि राज्यांच्या प्रणालींना जोडणारा मध्यवर्ती दुवा उभा केला. ९ ऑगस्ट २०१९ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी आंतरराज्य पोर्टेबिलिटीचा प्रारंभ केला, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या दोन जोड्यांपैकी एक आंध्र प्रदेश व तेलंगणाची होती आणि दुसरी महाराष्ट्र व गुजरातची. जानेवारी २०२० मध्ये १२ राज्ये एका गटात आली आणि जून २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर सर्व ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेश जोडले गेले. एक देश एक शिधापत्रिका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेच्या पहिल्याच टप्प्यात सुरत आणि नंदुरबार एका नोंदीने बांधली गेली, ही गोष्ट मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

उधन्यातील दुकानात घडणारा एक व्यवहार आता क्रमाने पाहता येईल. ग्राहक आपल्या कार्डाचा बारा अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगतो. दुकानदार तो यंत्रात भरतो. गुजरातच्या प्रणालीला हे कार्ड आपल्या राज्याचे नाही हे कळते आणि ती मध्यवर्ती दुव्याकडे विचारणा करते. मध्यवर्ती संग्रह कार्डाचे मूळ राज्य ओळखून कुटुंबातील सदस्यांची यादी आणि चालू महिन्यातील शिल्लक हक्क कळवतो. यादीतील एक सदस्य यंत्रावर अंगठा लावतो. त्या ठशाची पडताळणी आधार प्राधिकरणाच्या स्वतंत्र संग्रहात होते. ती जुळली की धान्य तोलले जाते, पावती निघते आणि दिलेले वजन मूळ कार्डाच्या खात्यातून वजा होते. ग्राहकाच्या बाजूने ही काही मिनिटांची गोष्ट असते, पण तेवढ्या वेळात किमान चार ठिकाणच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलून एकाच उत्तरावर येणे आवश्यक असते. नावाऐवजी क्रमांकाने शोध घेण्याचे कारणही येथेच स्पष्ट होते : एकच आडनाव मराठीत, गुजरातीत आणि रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिले जाते, आणि कॉड यांनी सांगितलेली अनन्य किल्ली नसती तर दोन राज्यांच्या याद्या जुळवणे अशक्यच झाले असते.

या व्यवस्थेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद अंशतः उचल ही होय. समजा, शहादा तालुक्यातील एका प्राधान्य कुटुंबात पाच सदस्य आहेत, त्यांपैकी दोघे भाऊ उधन्यात राहतात आणि आई, भावजय व मूल गावी आहेत. कुटुंबाचा महिन्याचा हक्क २५ किलोंचा आहे. भाऊ सुरतेत १० किलो घेऊ शकतात आणि उरलेले १५ किलो गावच्या दुकानात मिळू शकतात. कार्ड एकच राहते, कुटुंब मोडत नाही, नाव कमी करण्याचा दाखला लागत नाही. परंतु याच तरतुदीमुळे एक तांत्रिक पेच उभा राहतो. दोन्ही दुकानांत एकाच क्षणी अंगठा लावला गेला आणि दोन्ही यंत्रांना शिल्लक २५ किलो दिसली, तर दोन्हीकडे पूर्ण धान्य दिले जाण्याचा धोका असतो. असा धोका टाळण्यासाठी डेटाबेस कुलूप वापरतो : एक व्यवहार सुरू झाला की तो संपेपर्यंत त्या नोंदीत दुसऱ्याला लिहिता येत नाही, म्हणजे वही सर्वांना उघडी असली तरी लेखणी एका वेळी एकाच्याच हाती असते. व्यवहाराच्या पूर्णतेची हमीही येथेच कसोटीला लागते. नोंद वजा झाली, पण जाळे तुटल्याने पावती निघाली नाही आणि दुकानदाराने धान्य दिले नाही, तर पुढच्या वेळी यंत्र त्या माणसाला उचल आधीच झाल्याचे सांगते. कागदोपत्री तो जेवलेला असतो आणि प्रत्यक्षात उपाशी असतो. अन्नाच्या बाबतीत व्यवहार तेव्हाच पूर्ण मानला पाहिजे, जेव्हा धान्य ग्राहकाच्या पिशवीत पडते, हे तत्त्व या ग्रंथात पुन्हा पुन्हा आले आहे, कारण संगणकाची पूर्णता आणि माणसाची पूर्णता यांत अंतर पडू देणे हाच अशा प्रणालींचा मूलदोष ठरतो.

जाळे तुटण्याचा प्रश्न स्वतंत्र विचार मागतो. विखुरलेल्या यंत्रांमधील संपर्क तुटला असता प्रणालीला दोहोंपैकी एक निवडावे लागते : नोंद सर्वत्र एकसारखी राहावी म्हणून सेवा थांबवायची, किंवा सेवा चालू ठेवून नोंदी तात्पुरत्या विसंगत होऊ द्यायच्या. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये हा विचार मांडला आणि दोन वर्षांनी गिल्बर्ट व लिंच यांनी तो गणिताने सिद्ध केला. बँक बहुधा सेवा थांबवणे पसंत करते, कारण दोनदा काढलेली रक्कम परत मिळवणे कठीण असते. शिधावाटपाने कोणती बाजू घ्यावी, हे मात्र गणित सांगत नाही. ते समाजाने ठरवायचे असते. सातपुड्यातील अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या डोंगरपाड्यांत संपर्क दुबळा असतो. सुरतेच्या गजबजलेल्या वस्तीत तो असूनही महिन्याच्या आरंभी सर्व्हर संथ होतो. आणि ऊस तोडणाऱ्या, रंगाईच्या हौदात काम करणाऱ्या किंवा विटा उचलणाऱ्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असल्याने ठसा जुळत नाही. आधार नसल्याने वा ठसा न जुळल्याने कोणालाही धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या आणि अशा वेळी पर्यायी पडताळणी व अपवादांची नोंदवही वापरण्यास सांगितले. त्यातील तत्त्व स्पष्ट आहे : दहा किलो धान्य चुकून दोनदा गेले तर शासनाचे जे नुकसान होईल, त्याहून एका कुटुंबाला महिनाभर धान्य न मिळण्याची हानी मोठी आहे. परराज्यातील कार्डासाठी अपवादाची ही वाट अधिक बिकट असते, कारण दुकानदाराकडे त्या कुटुंबाची कोणतीही जुनी ओळख नसते आणि यंत्राचे उत्तर हाच त्याचा एकमेव आधार असतो.

नोंद क्षणात प्रवास करते, धान्य करत नाही. या साध्या भेदातून पुढचा प्रश्न उद्भवतो. सुरतेतील दुकानाचे नियतन त्याच्याशी जोडलेल्या कार्डांवर आणि आधीच्या विक्रीवर ठरते. परराज्यातील ग्राहक वाढले की साठा महिना संपण्याआधी आटतो, आणि मग दुकानदार आपल्या नेहमीच्या ग्राहकाला प्राधान्य देतो, ज्यात त्याच्या दृष्टीने गैर काही नसते. याउलट गावच्या दुकानात तेवढेच धान्य पडून राहते. म्हणून सामायिक डेटाबेसाचा खरा उपयोग विक्रीची नोंद ठेवण्यापुरता नाही; कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, कुठल्या राज्यातील किती कार्डांवर उचल होते, हे पाहून नियतन आधीच हलवता आले पाहिजे. आणखी एक मर्यादा अशी की या व्यवस्थेतून फक्त राष्ट्रीय कायद्याखालील धान्य मिळते. राज्यांनी आपापल्या तिजोरीतून दिलेल्या वस्तू, उदाहरणार्थ महाराष्ट्राने २०२२च्या दिवाळीपासून सणांच्या निमित्ताने दिलेला आनंदाचा शिधा, त्या राज्याच्या सीमेतच राहतात.

ऊसतोडणी कामगारांचे उदाहरण या ग्रंथात विस्ताराने घेतले आहे, कारण त्यात हक्काचा आणि श्रमबाजाराचा संबंध उघड होतो. पावसाळा संपला की नंदुरबार, धुळे आणि डांग भागांतील आदिवासी कुटुंबे मुकादमामार्फत दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या क्षेत्रात, बारडोली आणि आसपास, तोडणीला जातात आणि हंगाम संपेपर्यंत शेतांलगतच्या पडावांवर राहतात. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९६०च्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या या स्थलांतराचा अभ्यास केला आहे. हंगामात खाण्यासाठी मुकादमाकडून उचलीवर जे धान्य व पैसे मिळतात, त्यांना खावटी म्हणतात, आणि त्यांची वसुली अखेरच्या मजुरीतून होते. ज्या कुटुंबाचा महिन्याचा शिधा गावात पडून राहतो, तेच कुटुंब पडावावर खावटीसाठी कर्जात जाते. त्यामुळे सुरत जिल्ह्यातील दुकानात त्यांचे कार्ड चालणे म्हणजे मुकादमावरील अवलंबन तेवढ्या प्रमाणात कमी होणे होय. परंतु पडाव दुकानापासून दूर असतो, तोड पहाटे सुरू होते, मजुराचा दिवस शेतात जातो आणि दुकानाच्या वेळा त्याच्या हाती नसतात. डेटाबेसाने सीमा ओलांडली तरी शेवटची काही किलोमीटर चालायची असतात, आणि ती कमी करण्याचे उपाय, फिरते दुकान वा पडावावर ठरलेल्या दिवशी वाटप, हे संगणकाच्या नव्हे तर जिल्हा प्रशासनाच्या अखत्यारीत येतात.

याहून मूलगामी प्रश्न नोंदच नसलेल्यांचा आहे. सामायिक डेटाबेस असलेली नोंद दूरवर नेतो; नसलेली नोंद तो निर्माण करत नाही. कायद्याखालील लाभार्थ्यांची कमाल संख्या २०११च्या जनगणनेवरून सुमारे ८१.३५ कोटी ठरली, पुढची जनगणना लांबली, आणि दरम्यान जन्मलेली, लग्न होऊन आलेली व विभक्त झालेली कुटुंबे राज्याच्या मर्यादेबाहेर राहिली. २०२०च्या टाळेबंदीत हे ठळकपणे पुढे आले; तेव्हा कोणतेही कार्ड नसलेल्या सुमारे ८ कोटी स्थलांतरितांसाठी केंद्राला दोन महिन्यांच्या धान्याची वेगळी व्यवस्था जाहीर करावी लागली. स्थलांतरित मजुरांच्या हालअपेष्टांविषयी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात २९ जून २०२१ रोजी निकाल देताना न्यायालयाने उर्वरित राज्यांना ३१ जुलैपर्यंत पोर्टेबिलिटी लागू करण्यास सांगितले, आणि असंघटित कामगारांच्या नोंदणीचे काम लांबल्याबद्दल केंद्राला खडसावले. ई-श्रम हे संकेतस्थळ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाले. पुढे ई-श्रमवर नोंदलेल्या पण कार्ड नसलेल्या मजुरांना कार्डे देण्याचे आदेशही न्यायालयाने दिले. दोन डेटाबेस शेजारी ठेवून तुलना केली तर वगळलेली माणसे दिसू लागतात, हा या आदेशांमागचा विचार सामायिक नोंदींच्या सर्वांत हितकर उपयोगांपैकी एक आहे.

या सर्व चर्चेतून ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन आकार घेते. आजच्या व्यवस्थेत नोंद वाचण्याचा आणि तिच्यावर धान्य घेण्याचा अधिकार सीमेपलीकडे गेला आहे. नोंद दुरुस्त करून घेण्याचा अधिकार मात्र मूळ गावीच राहिला आहे. सुरतेत जन्मलेल्या मुलाचे नाव कार्डात घालायचे, मृत सदस्याचे कमी करायचे, चुकलेला आधार क्रमांक बदलायचा किंवा अचानक बंद झालेले कार्ड पुन्हा सुरू करायचे, तर अर्ज ऑनलाइन भरता आला तरी निर्णय तालुक्याच्या पुरवठा शाखेत होतो आणि अनेकदा कामाचा खाडा करून गाडीने गाव गाठावे लागते. ई-केवायसी, म्हणजे सदस्याची ओळख पुन्हा पडताळून घेण्याची प्रक्रिया, देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानात करण्याची मुभा केंद्राने दिली, हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल आहे, पण ती पडताळणी आहे, दुरुस्ती नव्हे. तक्रारीची रचनाही राज्यांच्या चौकटीत आहे : कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग दिले, परंतु दुकान सुरतेचे आणि चूक नंदुरबारच्या नोंदीतील, अशा प्रकरणात मजुराने कोणाचे दार ठोठावावे, हे त्या रचनेतून सहज उमगत नाही. परिणामी नोंदीतील चुकीचा सर्व भार, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांसह, त्या चुकीला सर्वांत कमी जबाबदार असलेल्या माणसावर पडतो.

डेटाबेसाच्या रचनेत लिहिण्याचा अधिकार जपून दिला जातो, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक दुकानदाराला कार्ड बदलता आले तर नोंदीचे खरेपण एका दिवसात नष्ट होईल. परंतु लिहिण्याचा अधिकार आणि दुरुस्ती मागण्याचा अधिकार या वेगळ्या गोष्टी आहेत. सुरतेतील कोणत्याही दुकानात वा मामलतदार कार्यालयात दुरुस्तीची मागणी नोंदवता यावी, ती त्याच मध्यवर्ती दुव्याने मूळ तालुक्यात पोहोचावी, निर्णयाला मुदत असावी आणि तो अर्जदाराला त्याच्या भाषेत कळावा, यात तंत्राची कोणतीही अडचण नाही, कारण धान्याची विचारणा ज्या वाटेने जाते त्याच वाटेने दुरुस्तीची विचारणाही जाऊ शकते. तसेच प्रत्येक नकाराची पावती मिळावी, जिच्यावर ठसा जुळला नाही, संपर्क नाही, साठा नाही किंवा कार्ड बंद आहे, यांपैकी कारण छापलेले असेल. आज यशस्वी व्यवहाराचीच पावती निघते. रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाची नोंद बहुधा कुठे राहत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा हिशेब कोणीही विचारत नाही.

खासगीपणाचा विचारही येथे टाळता येत नाही. आंतरराज्य व्यवहारांचा संग्रह हा एका अर्थाने गरीब कुटुंबांच्या हालचालींचा नकाशा असतो : कोण, कोणत्या महिन्यात, कुठे होते, हे त्यातून कळते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारचा वापर शासकीय लाभांसाठी मर्यादांसह वैध ठरवला, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. धान्याचे नियोजन करण्यासाठी या संग्रहातून एकत्रित आकडे काढणे आवश्यक आणि इष्ट आहे. परंतु व्यक्तीचा माग काढण्यासाठी, कार्ड परस्पर रद्द करण्यासाठी किंवा अन्य कारणांसाठी त्याचा वापर होऊ नये, याची हमी नियमांत स्पष्ट असायला हवी. परगावी धान्य घेतल्यामुळे आपले गावचे कार्ड जाईल, ही धास्ती मजुराच्या मनात राहिली, तर उत्तमात उत्तम डेटाबेसही त्याच्या उपयोगाचा नाही.

ग्रंथाची मांडणी या विवेचनाला धरून आहे. पहिल्या भागात सामायिक डेटाबेसाच्या मूलभूत कल्पना, दुसऱ्यात शिधावाटपाचा इतिहास आणि कायदा, तिसऱ्यात सुरत व खानदेश यांच्यातील व्यवहारांची कार्यपद्धती आणि चौथ्यात दुरुस्ती, तक्रार व खासगीपणा यांविषयीच्या सूचना येतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात आपल्या सिद्धांतांचे सामाजिक मोल दिसेल, पुरवठा विभागात काम करणाऱ्याला आपल्या रोजच्या अडचणींची कारणे सापडतील, आणि स्थलांतरितांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्याला नेमके काय मागावे याची स्पष्टता येईल, अशी अपेक्षा आहे. एक देश एक शिधापत्रिका ही व्यवस्था स्वतंत्र भारतातील महत्त्वाच्या प्रशासकीय कामगिरींपैकी एक आहे, असे या ग्रंथाचे ठाम मत आहे, आणि म्हणूनच तिच्यातील उणीव दाखवणे हे तिच्या हिताचे काम आहे. सामायिक नोंदीची कसोटी ती किती लवकर उघडते यावर किंवा तीत किती कोटी नावे आहेत यावर लागत नाही. जो माणूस तिच्यापासून सर्वांत दूर आहे, ज्याची भाषा त्या गावची नाही आणि ज्याच्याकडे एका दिवसाची रजाही नाही, त्याला जेथे धान्य मिळते तेथेच आपली चुकलेली नोंद सुधारून मिळते का, यावर ती लागते. नंदुरबार आणि सुरत या जिल्ह्यांनी आंतरराज्य व्यवहारात पहिल्या टप्प्यातच पाऊल टाकले. आंतरराज्य दुरुस्तीतही त्यांनीच पुढाकार घ्यावा, आणि तो घेण्यासाठी लागणारे जाळे, कायदा व अनुभव हे तिन्ही आज त्यांच्याजवळ आहेत.